गोलपोस्टाला लावा

गेल्या महिन्यात मिरजेला एका लग्नाला गेलो होतो. बायकोच्या मावसबहिणीची मुलगी, मुहूर्त बारा सदतीसचा आणि आम्ही सांगलीतनं निघालो बाराला पाच कमी असताना, त्यामुळं विश्रामबागपासनं पुढं गाडीत जे काही बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. लॉनच्या गेटमधनं आत शिरलो तर गाड्याच गाड्या, त्यात बँडवाल्यांचा टेम्पो आडवा. पार्किंगला एक पोरगं होतं, विशी-बाविशीचं, गळ्यात शिट्टी, अंगात दोन साइझ मोठा युनिफॉर्म. त्यानं काचेवर टकटक केलं आणि हात लांब करून म्हणाला, "सायेब, हितं नगं. तिकडं, गोलपोस्टाला लावा."

मी बघितलं. गोलपोस्ट कुठंच नव्हता. कंपाउंडची भिंत होती, भिंतीला टेकवलेले केटरिंगवाल्यांचे सिलिंडर, एक कडुनिंब, आणि मुरूम टाकून दाबलेली मोकळी जागा. "कुठला गोलपोस्ट रे?" तर म्हणतो, "ते काय, त्या जागेला गोलपोस्ट म्हणत्यात." "का म्हणतात पण?" "आता का म्हंजे? म्हणत्यात." मागच्या गाडीनं हॉर्न दिला, बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी गाडी नेऊन निमूटपणे गोलपोस्टाला लावली.

लग्न लागलं, अक्षता पडल्या, पंगतीला मठ्ठा फर्स्ट क्लास होता. पण माझं लक्ष काही जाग्यावर नव्हतं. जिलेबीचा तुकडा तोडता तोडता मी भिंतीकडं बघत होतो, मग कडुनिंबाकडं, मग लांबवर ऐकू येणाऱ्या स्टेशनवरच्या अनाउन्समेंटकडं कान, आणि हळूहळू अंगावर काटा यायला लागला. कारण ही जागा मला माहीत होती. मी इथं आधी शंभर वेळा येऊन गेलेलो होतो. फक्त तेव्हा इथं भिंत नव्हती, लॉन नव्हतं, आणि गोलपोस्ट होता.

माझे बापूमामा मिरजेला रेल्वेत खलाशी होते. तीन गेजची मिरज ती, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडं जाणारी ती बार्शी लाइटची नॅरोगेज, तिन्ही एका स्टेशनात, आणि मामा त्या तिन्हींच्या धुरातनं घरी यायचे. मी सुट्टीला त्यांच्याकडं असायचो. मामा स्वतः फुटबॉल खेळायचे नाहीत, आयुष्यात कधी बॉलला पाय लावला असेल असंही वाटत नाही. पण दर शनिवारी संध्याकाळी ड्यूटी संपली की ते मैदान आखायला जायचे. जागा एका मोठ्या घराण्याची, त्यांच्या कुठल्यातरी आजोबांनी पोरांना खेळायला म्हणून सोडलेली. रविवारी तिथं मॅच असायची. रेल्वेची पोरं, मिशनच्या बाजूची पोरं, मोहल्ल्यातली, मेडिकल कॉलेजचे केरळकडचे दोघंतिघं विद्यार्थी जे बाकीच्यांपेक्षा लई भारी खेळायचे, आणि कधीकधी बेळगावची टीम सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची. शेवटची पंधरा मिनिटं त्या टीमचं निम्मं लक्ष बॉलवर आणि निम्मं सिग्नलवर.

मैदान आखायचं म्हणजे काय असतं हे ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळणार नाही, तरी सांगतो. मामांकडं एक दोरी होती, सुती, बोटाएवढी जाड, तिला गाठी मारलेल्या. सहा वारावर एक, दहावर एक, बारावर एक आणि अठरावर शेवटची. एवढ्या चार गाठींत अख्खं फुटबॉलचं मैदान बसतं. सहा म्हणजे गोलकीपरपुढचा लहान चौकोन, दहा म्हणजे मधलं वर्तुळ, बारा म्हणजे पेनल्टीचा ठिपका, अठरा म्हणजे मोठा चौकोन. मामा शाळेत सातवीपर्यंत गेलेले, मीटरबिटर त्यांच्या डोक्यात कधी बसलं नाही, ते वारातच बोलायचे आणि वार म्हटलं की त्यांना लुगडं आठवायचं. "दोन नऊवारी लांब," हे पेनल्टी एरियाचं माप. आणि गोल किती रुंद, तर "नऊवारीत एक वार कमी." आठ वार, चोवीस फूट, बरोबर. उंची आठ फूट. कोपरे काटकोनात यावेत म्हणून तीन-चार-पाचचा हिशोब धरायचे, गवंडी घराच्या पायाला धरतात तसा, त्याला ते गुण्या म्हणायचे. "गुण्यात आलं का बघ रं," असं मला लांबनं ओरडायचे आणि मी नऊ-दहा वर्षांचा, मला काय कळतंय, मी आपलं "आलं आलं."

मग फक्की. डालडाच्या डब्याला खालनं खिळ्यानं भोकं पाडलेली, त्यात चुन्याची फक्की, दोरी ताणून खुंट्या ठोकायच्या आणि डब्यावर काठीनं टकटक करत दोरीवरनं चालत जायचं. तो आवाज मला अजून येतो, टक टक टक, आणि मागं पांढरी रेघ उमटत जायची. मिरजेची काळी माती, तिच्यावर ती रेघ अशी काही दिसायची की बास. दुसऱ्या दिवशी सकाळी दवानं फक्की भिजून एक वास सुटायचा, नव्या रंगवलेल्या भिंतीला येतो ना तसा, पण त्यात गवताचा आणि लांबून येणाऱ्या इंजिनाच्या धुराचा मिसळलेला. मामांच्या हाताला चुन्यानं भेगा पडायच्या आणि रात्री मामी खोबरेल लावत लावत जे सुनवायच्या, ते मैदानाच्या मालकापासनं फुटबॉल शोधून काढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना.

पैसे मिळायचे का? चहा मिळायचा.

लग्नाहून घरी आलो त्या रात्री झोप लागेना म्हणून फोन घेऊन बसलो. आधी गूगल मॅपवर ते लॉन बघितलं, वरनं. हिरवा कार्पेट, पांढरा मंडप, आयत. मैदानाचा आकार अजून तसाच आहे हे वरनं दिसतं, खालनं दिसत नाही. मग तिथनं कुठनं कुठं गेलो काय माहीत, पहाटे अडीचला मी ग्लासगोत होतो.

ग्लासगोमधे कॅथकिन पार्क म्हणून एक जागा आहे. थर्ड लॅनार्क नावाचा क्लब तिथं खेळायचा. १८७२ ला फौजेच्या स्वयंसेवक सैनिकांनी काढलेला क्लब, १९०४ ला स्कॉटलंडचा चॅम्पियन, १९६०-६१ च्या सीझनला लीगमधे शंभर गोल मारून तिसरा आलेला. आणि १९६७ ला खलास. सहा वर्षांत. मालकानं कारभाराची अशी वाट लावली की सरकारी चौकशी बसली, क्लबचं दिवाळं वाजलं. आपल्याकडच्या कुठल्याही बुडालेल्या सोसायटीची गोष्ट वाटावी इतकी ओळखीची. पण पुढचं बघा. त्या मैदानाच्या तीन बाजूंना टेरेस अजून आहेत. टेरेस म्हणजे गच्ची नव्हे, उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांमधनं झाडं उगवलीत, चांगली मोठी मोठी झाडं, आणि झाडांच्या मधे लोकांनी रेलून उभं राहायचे लोखंडी कठडे, लाल रंगाचे, तसेच. फोटोत बघितलं तर असं वाटतं की प्रेक्षक उठून गेले आणि त्यांच्या जागा झाडांनी धरल्या. मी तो फोटो किती वेळ बघत बसलो सांगता येणार नाही. बायको कूस बदलून म्हणाली, काय बघताय एवढं, मी म्हटलं झाडं.

त्यानंतर मला नादच लागला. पुढचे आठ-दहा दिवस रोज रात्री एक मेलेलं मैदान. इंग्लंडात संडरलँडचं रोकर पार्क होतं, ते पाडून तिथं घरं बांधली आणि गल्ल्यांना नावं काय दिली, तर प्रमोशन क्लोज, मिडफिल्ड ड्राइव्ह, टर्नस्टाइल म्यूज. म्हणजे तिथला पोस्टमन रोज मिडफिल्डमधे पत्रं टाकतो. आता आमच्या मिरजेत कुणी समिती बसवली नाही, बोर्ड लावला नाही, ठराव केला नाही, तरी पार्किंगवाल्या पोरानं मला गाडी गोलपोस्टालाच लावायला सांगितली, हे मला जास्त भारी वाटतं, खरं सांगायचं तर.

मिडल्सब्रोचं एअरसम पार्क वाचलं तेव्हा मात्र मी उठून बसलो. १९६६ च्या वर्ल्डकपला तिथं उत्तर कोरियानं इटलीला १-० नं घरी पाठवलं होतं. पाक दू-इक नावाच्या माणसाचा गोल. क्लब १९९५ ला नव्या स्टेडियममधे गेला, जुनं पाडलं, वस्ती झाली. आणि आता त्या वस्तीत कुणाच्यातरी घराच्या दारातल्या हिरवळीत, जिथनं पाक दू-इकनं तो गोल मारला तिथं, बुटाच्या स्टडचा ठसा ब्रॉन्झमधे ओतून बसवलाय. २००२ ला त्या कोरियन टीममधले हयात असलेले खेळाडू परत मिडल्सब्रोला येऊनही गेले. म्हातारी माणसं, आपण तरुणपणी जिथं पळालो ते गाव बघायला आलेली. मी विचार करत होतो की त्या घरात राहणारा माणूस सकाळी दात घासत बाहेर येत असेल आणि त्याच्या दारात इटली हरलेली असेल.

सगळीकडंच असं हळवं काही नाही. बार्सिलोनात सारिया नावाचं स्टेडियम होतं, तिथं १९८२ च्या वर्ल्डकपला, जुलैत, इटलीच्या पाओलो रॉसीनं तीन गोल मारून ब्राझीलला बाहेर काढलं, ३-२. झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ असलेला ब्राझील. कोल्हापुरात ब्राझीलचे झेंडे लावणाऱ्या जुन्या लोकांपुढं ते नाव काढून बघा, घरचं कुणी गेल्यासारखं तोंड करतात. १९९७ ला पाडलं ते, आता तिथं फ्लॅट आणि बाग. लंडनचं हायबरी, आर्सेनलचं, १९१३ ते २००६. तिथंही फ्लॅटच, पण जरा ऐटीत, १९३६ चा ईस्ट स्टँड बाहेरनं तसाच ठेवलाय आणि मैदान होतं तिथं बगीचा. शेवटच्या मॅचला थिएरी ऑन्रीनं तिसरा गोल मारल्यावर खाली वाकून गवताची पप्पी घेतली होती. आणि बोल्टनचं बर्नडेन पार्क. ९ मार्च १९४६ ला तिथं गर्दीत चेंगरून ३३ माणसं मेली होती. त्या जागेवर पुढं सुपरमार्केट झालं. लोक ट्रॉली ढकलत कांदे-बटाटे घेतात. यात वाईट काय आहे हे मला धड सांगता येत नाही, पण चांगलंही वाटत नाही.

आणि इंग्लंडचाच एव्हर्टन क्लब. त्यांच्या गुडिसन पार्कला शेकडो लोकांची रक्षा मैदानाच्या कडेला पुरलीय. मरताना सांगून ठेवायचे म्हणे, मला तिथं ठेवा. शेवटी जागाच पुरेना म्हणून क्लबनं ते बंद केलं. मे २०२५ मधे पुरुषांची टीम तिथनं शेवटची मॅच खेळून नव्या स्टेडियममधे गेली, तेव्हा प्रश्न आला की या सगळ्यांचं काय. नशीब, ते पाडलं नाही, आता बायकांची टीम खेळते तिथं. हे वाचताना मला आमचा कृष्णेचा घाट आठवला. आपण बरं, नदीत सोडतो. नदी काही कुणी विकत नाही आणि तिच्यावर लॉन काढत नाही. म्हणजे तसं म्हणायचं, २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा नदीनंच सगळ्यांच्या दारात येऊन दाखवलं की तिच्या जागेत कोण कोण घुसलंय.

पण मी एवढं हळहळतोय ते कशासाठी, हा प्रश्न एका रात्री माझा मलाच पडला. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसलं तर चाललं नाही ना हे? कारण मैदान जिवंत होतं तेव्हा मी काय केलं? सांगतो काय केलं. आठवीत गेलो तसं मी मामांबरोबर जाणं सोडलं. लाज वाटायची, चुन्यानं हात पांढरे करून घ्यायची. आणि आम्ही पोरांनी त्याच मैदानावर क्रिकेट सुरू केलं. सांगली-मिरजेच्या पोरांना क्रिकेटचं सांगायला नको, विजय हजारे इथलेच, आणि आता तर स्मृती मानधनाचं गाव म्हणून लोक सांगली ओळखतात. टेनिस बॉल, वीटांचे स्टंप. आमची पीच नेमकी मधल्या वर्तुळातनं जायची. तिथलं गवत आम्ही खरवडून काढलं, रोलर नव्हता म्हणून पिंपात दगड भरून फिरवलं, आणि शनिवारी मामा दोरी घेऊन आले की आम्ही म्हणायचो, मामा मधलं आज आखू नका, आमची मॅच हाय. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं नाही. मग ऐकायला लागले. मग नुसत्या दोन्हीकडच्या डी, म्हणजे गोलापुढचे चौकोन, आखायचे. मग एकाच बाजूची, कारण टीमच येईनात, पोरं एकाच गोलावर हाफ-हाफ खेळायची. कुणी मैदान बंद केलं नाही. ते मधनं सुरू होऊन कडेकडेनं संपत गेलं, आणि मधनं सुरुवात आम्ही केली.

कोल्हापुरात असं का झालं नाही याचा मी बराच विचार करतो. पन्नास किलोमीटरवर गाव, तीच माती, तोच पाऊस, तीच माणसं, पण तिथं शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि शिवाजी या टीमांची मॅच असली तर गावातली दुकानं लवकर बंद होतात. माझं आपलं मत असं की तिथं फुटबॉल तालमीत जन्मला. नावं बघा ना, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे पेठ, पेठ म्हणजे घर, त्यामुळं टीम हरली की घरचं कोणतरी हरतं, आणि घर काही कुणी असंच सोडून देत नाही. अनिकेत जाधव २०१७ ला अंडर-१७ वर्ल्डकप खेळला तो त्याच गावातनं. आमच्या मिरजेच्या टीमांना पेठ नव्हती. रेल्वेची बदली झाली की सेंटर फॉरवर्ड हुबळीला जायचा. मेडिकलची परीक्षा आली की बॅक गायब. ज्यांचं गाव नाही अशा माणसांचा तो खेळ होता, स्टेशनाजवळच्या वेटिंग रूमसारखा. म्हणून तर तो मला आवडायचा बहुतेक.

तशी मोठ्या मोठ्यांचीही गत तीच. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली आणि २०१० ला कंपनीनं टीमच बंद केली. पंजाबची जेसीटी, कापडगिरणीची टीम, पहिली नॅशनल लीग जिंकणारी, २०११ ला बंद. कापड गेलं, टीम गेली. थर्ड लॅनार्कच्या पायऱ्यांवर निदान झाडं तरी उगवली.

एका रविवारी शेवटी मामांकडं गेलो. आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत, कानाला कमी येतं, गुडघे गेलेत, पण डोकं खणखणीत. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगायला सुरुवात केली, लॉन, पार्किंग, ते पोरगं, गोलपोस्टाला लावा म्हणाला ते. मला वाटलं मामांच्या डोळ्यांत पाणीबिणी येईल. मामांनी शांतपणे चहा बशीत ओतला आणि विचारलं, "कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"टेसनाकडचा का वढ्याकडचा?"

मला सांगता येईना. मी तिथं गाडी लावली होती, जेवलो होतो, आठ-दहा रात्री जागून अख्ख्या युरोपची मैदानं पालथी घातली होती, आणि मला हे माहीत नव्हतं की मी कुठल्या गोलाला उभा होतो. मामा म्हणाले की एक गोलपोस्ट आधीच गेला, त्याचे पाइप कुणीतरी रातोरात भंगारात घातले. दुसरा बरीच वर्षं एकटाच उभा होता. त्याला शेळ्या बांधायचे, गोधड्या वाळत घालायचे. पुढं त्या घराण्यात वाटण्या झाल्या आणि जागा एका भावाकडं आली, त्यानं भिंत घातली. "त्योबी लई दिवस होता भितीच्या आत. मंडपवाल्यांनी लायटिंग सोडलं हुतं त्याच्यावरनं," असं म्हणून मामा हसले, आणि मला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

मी मिडल्सब्रोचं सांगितलं, ब्रॉन्झचा तो ठसा. ते मात्र त्यांना पटलं, म्हणजे त्यांनी चहा खाली ठेवला. "जागा कशी मोजली त्यांनी? रेघा नसताना?" मी म्हटलं असतील जुने नकाशे. मामांनी मान हलवली, नकाशावर त्यांचा विश्वास नाही. मग म्हणाले, कॅथकिनचं मी फोनवर दाखवलेलं बघून, "ही पडीक कुठाय? रेघा हाईत की." मी फोन ओढून घेतला. खरंच होत्या. एवढे दिवस मी झाडं बघत होतो, पायऱ्या बघत होतो, गंजलेले कठडे बघत होतो, आणि मधोमध मैदानावर कुणीतरी पांढऱ्या रेघा मारून ठेवलेल्या होत्या. तिथं अजून हौशी टीमा खेळतात, पोरं खेळतात. मैदान तसं आठवड्यातले सहा दिवस मोकळंच असतं, चांगलं चालणारं मैदानसुद्धा. बुधवारी दुपारी कुठल्याही मैदानावर कुत्री झोपलेली असतात. ते पडलेलं आहे का नुसतं मोकळं आहे, हे लांबनं बघणाऱ्याला कळत नाही, रेघ मारणाऱ्याला कळतं. माझ्यासारख्याला पडकं दिसलं की बरं वाटतं. पडक्या वाड्यात जाऊन उसासे टाकायला पैसे पडत नाहीत आणि शनिवारी संध्याकाळी चुन्यात हातही घालावा लागत नाही.

हे मी मामांना बोललो नाही. ते तोवर १९८६ मधे जाऊन पोचले होते. वर्ल्डकप फायनल, आपल्याकडं रात्री साडेअकराला, रेल्वे कॉलनीत एका गार्डसाहेबांच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, खिडकीत, दारात, माळ्याच्या जिन्यावर माणसं. मारादोना आणि जर्मनी. सगळी कॉलनी मारादोनाच्या पायाकडं बघतीय आणि मामा मला कोपरानं ढोसून म्हणत होते, "त्ये मधे काय पडलंय बघ, कोळ्यागत." आझ्टेका स्टेडियमच्या मधोमध वर लाउडस्पीकर टांगलेले होते, भर दुपारी त्यांची सावली मधल्या वर्तुळात पडायची, हुबेहूब मोठा कोळी. लाखभर माणसं आणि जगभरचे टीव्ही, आणि माझ्या मामांना काळजी काय, तर कोळी काढल्याशिवाय मधली रेघ कशी काय मारली असेल. मी तेव्हा त्यांच्यावर चिडलो होतो. लोकं हसत होती.

निघताना वर गच्चीत गेलो, मामींनी चादरी काढून आणायला सांगितल्या म्हणून. चादर ओढतोय तर सरकेना, दोरीला अडकलेली. बघितलं तर गाठ. थोडं पुढं अजून एक गाठ. मळून काळी झालेली, उन्हानं ताठ, गच्चीच्या दोन खांबांमधे तीन पदरांत फिरवलेली. खालनं मामी ओरडल्या, "त्या गाठीला सगळं अडकतंय बघ, तीस वर्सं झाली सांगतीया दोरी बदला, पर न्हाई." मी चादरी काढल्या, घडी घातली, खाली आणून दिल्या.

पुढच्या रविवारी मी परत मिरजेला गेलो. लग्न नव्हतं, लॉन रिकामं होतं, पंख्यांना प्लास्टिक गुंडाळलेलं आणि स्टेजवर कालच्या लग्नातली झेंडूची फुलं वाळत पडलेली. तेच पोरगं खुर्ची टाकून मोबाइल बघत बसलं होतं. मला वाटलं ओळखणार नाही, पण ओळखलं. मी कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. स्टेशन कुठल्या बाजूला ते कानानं ठरवलं, कुठलीतरी गाडी उशिरानं धावत असल्याचं बाई सांगत होत्या आणि आवाज पाठीमागनं येत होता. म्हणजे टेसनाकडचा. मामांना सांगायला उत्तर मिळालं.

पोरगं जवळ आलं. "काय बघताय सायेब? कायतरी पडलं का त्या दिशी?"

"नाही रे. हा स्टेशनकडचा गोलपोस्ट. दुसरा तिकडं होता, ओढ्याच्या बाजूला."

"म्हंजे दोन हुते व्हय?"

मी म्हटलं दोनच असतात. त्यानं जरा विचार केला, भिंतीकडं बघितलं, मग लांब दुसऱ्या टोकाला. तिथं स्टेज होतं, वधूवरांच्या दोन लाल मखमली खुर्च्या अजून हलवलेल्या नव्हत्या, त्यांच्यामागं थर्माकोलचा मोर. मी बोट केलं, बरोबर त्या खुर्च्यांच्या मागं.

पोरानं बघितलं, मान हलवली आणि शिट्टी खिशात घालत म्हणाला, "तिकडं नाय चालत गाडी लावायला."